खेळाडू पुण्याला चालली, तिच्या पात्राचं काय करायचं?

गिरणाकाठ

राम राम मंडळी.

जळगावात आमचं एक टेबल आहे. दर रविवारी दुपारी चार ते रात्री नऊ, डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन गोष्ट सांगत, फासे टाकत खेळायचा खेळ, पाचवी आवृत्ती. डीएम, म्हणजे सूत्रधार, मी. भुसावळ आणि धुळ्याला आणखी दोन टेबलं आहेत, तिन्हींचं जग एकच. भुसावळकरांनी पूल जाळला की पुढच्या रविवारी आमच्या लोकांना नदी पोहून जावी लागते. कुठलंही पात्र कुठल्याही टेबलावर जाऊन खेळू शकतं, म्हणून प्रत्येकाची एक लाल वही आहे, दुकानात उधारीला असते तसली. तारीख, टेबल, काय मिळालं, काय गेलं, सगळं त्यात. खाली त्या दिवशीच्या डीएमची सही.

आता प्रश्न. आमच्या टेबलावर धुरपा आहे. जमात ठेंगूंची, वर्ग क्लेरिक, म्हणजे जखमी पात्रांना बरं करणारी, भट्टीच्या देवाची भक्त. खेळणारी मुलगी अमळनेरकडची, त्यामुळे धुरपा पहिल्या दिवसापासून अहिराणी बोलते. पहिल्याच सेशनला चार दरोडेखोर हरले आणि पळत सुटले. आमच्या धनुर्धाऱ्याने फासा उचलला. हिने सरळ त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "पयनाराले मारानं नही. तो त्याना घर जाई रायना."

तेव्हापासून आमच्या टेबलावर पळणाऱ्याला कुणी मारलेलं नाही. असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

आणखी एक. धुरपाने कुणाला बरं केलं की ती दोऱ्याला एक गाठ मारते. हा दोरा खराखुरा आहे, काळा, फाशांच्या पिशवीला बांधलेला. कुणी पडलं की ती आधी "काबर घाबरस, मी शे ना" (का घाबरतोस, मी आहे ना) म्हणते, मग फासा टाकते, मग गाठ मारते. परवाच्या रविवारी मोजल्या, ३१ झाल्या.

तिला पुण्याला नोकरी लागली. एक तारखेला रुजू व्हायचंय. धुरपाचं काय करायचं, विचारलं तर म्हणाली, "तुम्ही बघा दादा, मला नाही सांगता येणार." चार दिवस झाले, मलाही सुचत नाहीये. तुम्ही काय केलं असतं?

भुसावळ_फलाट

व्हिडिओ कॉल. पुणं काय चंद्रावर आहे का भो?

वीसचा_फासा

फलाटभाऊ, आम्ही धुळ्याला हे सहा महिने करून पाहिलंय. आमचा एक गडी सुरतेला गेला. मोबाइल स्टीलच्या तांब्याला टेकवून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचो. आम्ही हसायचो, त्याला ते दोन सेकंदांनी ऐकू जायचं, आणि तो हसेपर्यंत आमचं भलतंच काही सुरू झालेलं असायचं. पाच जण एकदम बोलले की त्याला फक्त पंख्याचा आवाज. हळूहळू तो आपली पाळी आली की "हल्ला करतो" एवढंच म्हणायला लागला. जो माणूस पूर्वी एका भटारखान्याच्या आचाऱ्याशी अर्धा तास बोलून किल्ल्याची चोरवाट काढायचा, तो!

सगळेच घरून खेळत असतील तर ऑनलाइन चांगलं चालतं, ते मी मान्य करतो. पाच जण एका खोलीत आणि एक जण तांब्यापाशी, हे नाही चालत. आणि धुरपा तर बोलण्यावरच उभी आहे. मी तिच्यासोबत दोनदा खेळलोय.

मेहरूणची_बोर

मला वाटतं तिला वीरमरण द्या. खिंड अडवून उभी राहते, बाकीचे निसटतात. पुढे कधी त्या खिंडीतून गेलात की तिथे तिचा चिरा असेल. पात्राचा शेवट दणक्यात झाला की ते लोकांच्या लक्षात राहतं. नाहीतर "ती गावाला गेली" म्हणून सोडून देतात आणि चार महिन्यांत नावही कुणी घेत नाही.

निंबाचा_पार

बोरताई, कृपा करून हे करू नका. माझ्याबाबतीत झालंय म्हणून सांगतो.

मी बाहेरगावी हॉस्टेलला होतो. घरच्या ग्रुपमध्ये माझा पारवा नावाचा एल्फ होता, तिरंदाज. मला दीड महिना येता आलं नाही. एका रात्री ग्रुपवर फोटो आला. पारवाची शीट, म्हणजे त्याची सगळी माहिती लिहिलेला कागद, मेणबत्तीवर धरलेली, आणि खाली लिहिलेलं, "आपल्या भावाला मानवंदना." त्यांनी मनापासून केलं होतं. सगळे उभे राहिले होते म्हणे, दोघं रडलेसुद्धा. तुम्ही म्हणता तसंच, खिंड अडवून, बाकीच्यांना वाचवून.

पण मी तिथे नव्हतो. पाचव्या आवृत्तीत पात्राचे प्राण शून्यावर आले की मरणाचे फासे टाकतात ना, दहा किंवा वर पडला की जगण्याच्या बाजूने एक, खाली पडला की मरणाच्या बाजूने एक, आधी तीन कुठले होतात ते बघायचं. पारवाचे ते फासे दुसऱ्या कुणीतरी टाकले. कुणी टाकले, हे मी आजवर विचारलेलं नाही. दोन वर्षं झाली. मुलं आजही मित्र आहेत, पण त्या टेबलावर मी परत बसलो नाही. पारवाचा शेवटचा फासा माझ्या हातात हवा होता.

मेहरूणची_बोर

निंबभाऊ, माफ करा. मी टेबलाच्या बाजूनेच विचार केला, खेळणाऱ्याच्या बाजूने केलाच नाही. पण मग जाण्याआधीच्या रविवारी तिने स्वतः हे खेळलं तर? फासा तिच्याच हातात?

निंबाचा_पार

तिची इच्छा असेल तर हरकत नाही. पण तिने तसं म्हटलेलं नाहीये. "मला नाही सांगता येणार" म्हणालीय.

चोपड्याची_काकू

मी मध्येच विचारते, रागावू नका. माझा मुलगा भुसावळला शिकतो आणि रविवारी रात्री फोनवर म्हणतो, "आई, आज मरता मरता वाचलो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं लाटणं पडलं. हा खेळ नेमका काय असतो? तुम्ही सगळे एवढे जीव टाकून बोलताय म्हणून विचारते.

गिरणाकाठ

काकू, रागावायचं काय त्यात, बरं झालं विचारलंत.

हा गोष्ट सांगायचा खेळ आहे. एक जण डीएम, म्हणजे समजा सूत्रधार. तो जग सांगतो: पाऊस पडतोय, वाड्याचं दार अर्धवट उघडं आहे, आतून धूर येतोय. बाकीचे चार-सहा जण एकेक पात्र घेऊन बसतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही याचीच शंका असेल, तर वीस बाजूंचा फासा. प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात. आम्ही मराठीत बळ, चपळाई, दमसास, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे लिहितो. आमच्या मोहिमेत सगळ्यांना १५, १४, १३, १२, १० आणि ८ हेच आकडे मिळतात, कुठला आकडा कुठल्या गुणाला द्यायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे प्रत्येकाचं काहीतरी एक बळकट आणि काहीतरी एक कच्चं.

खेळ जुना आहे, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. हार-जीत नसते. गोष्ट पुढे जात राहते, वर्षानुवर्षंसुद्धा.

तुमचा मुलगा मरता मरता वाचला म्हणजे त्याचं पात्र शून्यावर आलं असणार आणि कुणीतरी वेळेवर बरं केलं असणार. आमच्याकडे ते काम धुरपाचं.

भुसावळ_फलाट

काकू, तुमचा मुलगा आमच्याच टेबलावर असावा. तो वाचला तेव्हा मी तिथे होतो. मरणाच्या बाजूने दोन झाले होते, तिसऱ्या फाशावर थेट २०. २० पडला की पात्र एक प्राण घेऊन तिथल्या तिथे उठून बसतं. खालचे दुकानदार वर बघायला आले, एवढा आरडाओरडा झाला.

चोपड्याची_काकू

असं होय! आता पुढच्या रविवारी मीच विचारीन, आज किती पडला म्हणून.

पण फासे म्हटल्यावर घरातली मोठी माणसं काही म्हणत नाहीत? आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरुष मंडळी पत्ते घेऊन बसतात आणि मग काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तापीपार

काकूंनी बरोबर जागी बोट ठेवलं. आमची सुरुवातच आखाजीला झाली, सगळे गावी आलेले असतात म्हणून. गच्चीवर बसलो होतो. खाली ४४ अंश, कूलरचं पाणी संपलेलं. फरशीवर खडूने नकाशा काढलेला, चिंचोके म्हणजे गॉब्लिन, कवड्या म्हणजे आम्ही. (आधी शेंगदाणे ठेवले होते, पण निम्मं सैन्य लढाईआधीच खाल्लं गेलं.) आबा वर आले. फासे पाहिले, कवड्या पाहिल्या, काही न बोलता भिंतीला टेकून बसले. पंधरा मिनिटांनी विचारलं, "पैसे कोणाकडे जमा आहेत?" म्हटलं, आबा, पैसे नाहीत. त्यांचा विश्वास बसेना. "मग जिंकणाऱ्याला काय?"

मग पोरं एका मोडक्या मंदिरात अडकली. दार उघडेना, तिघांचे फासे कमी पडले. तेव्हा आबा भिंतीला टेकूनच म्हणाले, "बिजागरी कोणत्या बाजूला आहे ते विचारा ना त्याला." विचारलं. बिजागरी आमच्याच बाजूला होती. खिळा काढला, दार काढलं, फासा टाकायची वेळच आली नाही. आबांनी आयुष्यभर सुतारकाम केलंय. त्या दिवसापासून आमच्या सेशनला घरून चहा येतो.

लीलावती_पाटणा

तापीपारदादा, आबांना माझा नमस्कार सांगा.

फाशांवरून एक सांगायचंय, कारण आमच्या टेबलावर हा वाद दर महिन्याला होतो. "वीस वेळा टाकला की एकदा तरी २० पडतोच" हे बरोबर नाही. दर वेळी २० न पडण्याची शक्यता ९५ टक्के. वीस वेळा एकदाही न पडण्याची शक्यता काढायची तर ०.९५ ला वीस वेळा गुणायचं, उत्तर साधारण ३६ टक्के येतं. म्हणजे वीस फाशांत एकदा तरी २० दिसण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास. तीनात एकदा तुमची निराशाच होणार. दोन फासे टाकून मोठा घ्यायचा असेल, म्हणजे अॅडव्हांटेज असेल, तर २० ची शक्यता ५ वरून ९.७५ टक्क्यांवर जाते, पूर्ण दुप्पट होत नाही. कारण दोन्ही फासे एकदम २० पडले तरी ते एकदाच मोजायचं.

मला हे गणित आवडतं त्याला कारण आमचं गाव. मी चाळीसगावची. पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, इ.स. १२०७ चा. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढल्याची नोंद आहे त्यात. लीलावतीच्या शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे, दिलेल्या अंकांची किती वेगवेगळ्या प्रकारांनी मांडणी होते त्याचं. शक्यतेचं गणित त्यात नाही, पण मोजण्याचं आहे, आणि फाशाचं गणित मोजण्यापासूनच सुरू होतं. मी माझ्या विझार्डची, म्हणजे जादूगार पात्राची, मंत्रांची वही त्या मठात लिहिली गेली असं ठरवलंय. आमच्या डीएमने ते मान्य केलं.

खापरावरचा_मांडा

मुद्दा थोडा वेगळा आहे, पण बोलतो, कारण पहिल्या पोस्टपासून मनात आहे.

धुरपा अहिराणी बोलते हे वाचून आधी मला धडकीच भरली. मी धुळ्याचा, घरी अहिराणीच. मी तीन वेगवेगळ्या ग्रुपमध्ये खेळलोय. तिन्हीकडे राजा, जादूगार, देवदूत हे सगळे पुस्तकी मराठी बोलायचे आणि अहिराणी कुणाच्या तोंडी? ढाब्यावरच्या पोऱ्याच्या, दारू प्यायलेल्या पहारेकऱ्याच्या. डीएमने तोंड उघडलं की टेबल हसायला तयार. एकदा मी पॅलाडिन, म्हणजे शपथ घेतलेला योद्धा, केला आणि त्याची शपथ अहिराणीत घेतली, तर सगळे हसले. मी त्यांना हसवायला घेतली नव्हती. माझ्या आईने मला जे शिकवलं तेच मी त्या शपथेत घातलं होतं.

गिरणाकाठ, तुमच्याकडे धुरपाला लोक हसतात का, एवढंच सांगा.

गिरणाकाठ

मांडाभाऊ, पहिल्या दिवशी दोघं हसले. ती थांबली, त्यांच्याकडे बघितलं आणि पुढचं वाक्यही अहिराणीतच बोलली. पुन्हा कुणी हसलं नाही. तिच्या पात्राचा १५ चा आकडा शहाणपणाला आहे आणि आमच्या टेबलावर अडचणीच्या वेळी सगळे तिच्याकडेच बघतात. आमचा धनुर्धारी मूळ नागपूरचा. आता त्याचं पात्र घाबरलं की तोच "मी शे ना" म्हणतो. कधी सुरू झालं ते त्यालाही सांगता येत नाही.

खापरावरचा_मांडा

बस. एवढंच ऐकायचं होतं.

तापीपार

आणि आपल्या बहिणाबाईंनी तर अहिराणीतच एवढं सगळं सांगून ठेवलंय!

चोपड्याची_काकू

दादा, बहिणाबाई असोद्याच्या, लेवा घरातल्या. त्यांची बोली लेवा गणबोली. अहिराणी जवळची असली तरी वेगळी हो. माझं माहेर यावलचं, म्हणून कान टवकारले.

तापीपार

चूक कबूल, काकू.

वीसचा_फासा

मूळ प्रश्नाकडे येऊ या, कारण मला एक नियमाचं बोलायचंय. तीन टेबलांची ही पद्धत आपण कुठून उचलली? जगभर हे संघटित खेळणं जुनं आहे. १९८० साली खेळाच्या मूळ कंपनीने त्यासाठी खेळाडूंची संघटना काढली होती, आणि पाचव्या आवृत्तीबरोबर २०१४ मध्ये अॅडव्हेंचरर्स लीग आली. या सगळ्या पद्धतींचा पाया एकच: पात्र खेळाडूचं असतं, टेबलाचं नसतं. तो वही काखेत मारून दुसऱ्या गावाला गेला की तिथल्या टेबलावर बसतो.

म्हणजे उत्तर सरळ आहे. धुरपाची वही तिच्याबरोबर पुण्याला जाऊ द्या. तिकडे टेबलं आहेत. ती खेळेल, गाठी वाढतील. दुसऱ्या कुणाला ते पात्र देणं तर नकोच. आमच्याकडे एकाने सोडून गेलेल्या मित्राचा वॉरलॉक (जादू करणारं पात्र) चालवायला घेतला आणि तिसऱ्या सेशनला त्या वॉरलॉकने आपल्याच लोकांची थैली मारली. विचारलं तर म्हणे, "माझं पात्र असंच आहे, मी काय करू?" मुळात पात्र त्याचं नव्हतंच! आणि "माझं पात्र असंच आहे" हे कारण मी कुणाचंच ऐकून घेत नाही. पात्र तसं आहे कारण तू तसं ठरवलंस. थैली मारायची असेल तर मार, पण समोरच्या माणसाचा रविवार तू घालवतोयस हे लक्षात ठेवून मार.

भुसावळ_फलाट

थैलीच्या बाबतीत +१.

पण वहीच्या बाबतीत माझं वेगळं मत आहे, फासाभाऊ. नियमाने धुरपा तिची, मान्य. पण त्या ३१ गाठी कुणाच्या? एक माझी आहे. मी जळगावला आलो होतो तेव्हा माझा रेंजर विषाने पडला होता. ती पुण्याला अनोळखी टेबलावर बसेल तेव्हा तिथे कुणाला ठाऊक असणार की पळणाऱ्याला का मारायचं नाही? तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल. वही जाईल, पण धुरपा जेवढी तिच्यात आहे तेवढीच आपल्या टेबलांतही आहे.

वीसचा_फासा

हे मला पटतंय, पण यातून निघायचं काय? अर्धी धुरपा पुण्याला आणि अर्धी इथे?

अस्तंब्याची_वाट

नमस्कार. मी शहाद्याचा. बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो.

आमच्याकडे दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते. सातपुड्यात, धडगावच्या बाजूला, शिखरावर अश्वत्थाम्याचं स्थान. रात्रभर चढायचं. मी चारदा गेलोय. जुनी माणसं सांगतात, वाट चुकलेल्याला तो भेटतो, जखमेवर लावायला तेल मागतो आणि वाटेला लावून देतो. मला कधी भेटला नाही. पण एका वर्षी रात्री दोनच्या सुमाराला आमची बॅटरी संपली, पुढची पायवाट दिसेना, तेव्हा ज्याच्या-त्याच्या मनात तोच होता. कुणी नाव घेतलं नाही, पण सगळे जरा नीट चालायला लागले.

म्हणून सुचवतो. धुरपाला मारू नका, कुणाला देऊ नका, एनपीसी, म्हणजे डीएमने चालवायचं पात्र, करून डीएमनेही तिचं बोलू नका. ती डोंगरात गेली असं ठेवा. तिन्ही टेबलांवर कधीतरी, कुणी फारच वाईट अडकलं, तर सकाळी उठल्यावर त्याला जखम बांधलेली दिसेल आणि जवळ काळ्या दोऱ्याचा तुकडा, एक गाठ मारलेला. ती दिसणार नाही. तिचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या तोंडी येणार नाही. लोक तिची आठवण काढत राहतील, आणि ती बोलेल तेव्हा तिच्याच तोंडून बोलेल.

मेहरूणची_बोर

अंगावर काटा आला. माझं वीरमरण मागे घेते.

निंबाचा_पार

माझ्या पारवासाठी कुणी असा विचार केला असता तर मी आजही त्या टेबलावर असतो.

लीलावती_पाटणा

वाटदादांचं फार आवडलं. एकच शंका. अश्वत्थाम्याला परत येता येत नाही, तो शाप आहे. धुरपाला कसला शाप? ती नोकरीला चाललीय. परत यायची वाट उघडी असायला हवी ना?

चोपड्याची_काकू

मी काही हा खेळ खेळलेली नाही, पण दोन दिवस सगळं वाचतेय. माझ्या मनात आलं ते सांगते.

पोरगी परगावी गेली तर आपल्याकडे ती परत कधी येते? आखाजीला आणि दिवाळीला. ती येणार म्हणून आधीपासून झोका बांधून तयार असतो. चार दिवस येते, झोक्यावर बसते, सगळ्यांच्या खबरी घेते, कोण कसं वागतंय ते बघते, बोलायचं ते बोलते आणि जाते. तिची जागा कुणी दुसऱ्याला देत नाही आणि ती मेली असंही कुणी धरत नाही. तुमच्या धुरपाला माहेरवाशीण करा की. आखाजीला ती मुलगी गावी येणारच. त्या आठवड्यात तिन्ही गावांनी एकत्र बसायचं. मधल्या दिवसांत वाटदादा म्हणतात तसा दोरा सापडू दे.

जेवायला मी करीन. भरीत आणि कळण्याची भाकरी. किती माणसं होतील तेवढं आधी कळवा.

तापीपार

गच्ची आमची. आबांना आत्ताच सांगून आलो. झोक्याचे दोर बघून ठेवतो म्हणाले.

वीसचा_फासा

काकूंनी सोडवलं. आता नियमाचं तेवढं बसवू. ती सहा-सहा महिन्यांनी येणार, तोवर बाकीचे पुढे गेलेले असतील. आपण लेव्हल गोष्टीच्या टप्प्यावर देतो, अनुभवाचे गुण मोजत नाही, त्यामुळे सोपं आहे. टेबल ज्या लेव्हलला असेल त्या लेव्हलला धुरपा येईल. ती मधल्या काळात कुठे होती, काय शिकली, ते तीच सांगेल आणि वहीत लिहील. पुण्याला खेळावंसं वाटलं तर तिने तिकडे नवीन पात्र करावं.

मधल्या काळात दोरा किती वेळा सापडू शकतो त्यालाही मर्यादा हवी, नाहीतर लोक बेफिकीर होतील. एका टेबलाला वर्षातून एकदा. आणि त्यासाठी फासा नको.

गिरणाकाठ

फासा नको, बरोबर. एकदा, तेही बरोबर.

पण हे सगळं मी तिला विचारल्याशिवाय करणार नाही. निंबभाऊंचं वाचल्यावर तर नाहीच. तिला या चर्चेचा धागा पाठवलाय.

काळा_दोरा

दादांनी धागा पाठवला. मीच धुरपा खेळते. आज बसमध्ये सगळं वाचलं, एरंडोल कधी आलं आणि गेलं ते कळलं नाही.

"तुम्ही बघा" म्हणाले, कारण वही घेऊन जायची असं म्हटलं असतं तर तुमच्याकडून काहीतरी काढून नेल्यासारखं वाटलं असतं, आणि ठेवून जाते म्हणायला जीभ रेटत नव्हती. फलाटदादांनी ३१ गाठी कुणाच्या असं विचारलं तिथे मला थोडं थांबावं लागलं.

मांडादादा, ती शपथ जपून ठेवा. आखाजीला मला ऐकायचीय, सगळ्यांसमोर.

"मी शे ना" हे माझ्या आजीचं. दवाखान्यात कुणाला न्यायचं असलं की ती दुसरं काही बोलायची नाही, एवढंच म्हणायची आणि पिशवी भरायला घ्यायची. म्हणून माझं ऐका. धुरपाच्या तोंडचं हे वाक्य कुणाला घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. नागपूरकरांनी घेतलंयच, मला आवडतं ते. धुरपा मात्र मीच बोलणार. काकूंचं मला मान्य आहे, आखाजी आणि दिवाळी. दोरा सापडण्याचंही मान्य. फक्त एक बदल. खरा दोरा मी दादांकडे ठेवून जाते, पुण्याला नेत नाही. ज्या टेबलावर धुरपाची गाठ लागेल त्या टेबलाने त्याच दोऱ्याचा तुकडा कापायचा आणि ज्याला तो सापडला त्याने आपल्या वहीला बांधायचा. मी येईन तेव्हा दोरा किती उरला ते बघून मला कळेल, तुमचं कसं चाललं होतं.

आणि दादा, या रविवारी मला शेवटचं खेळायचंय. मरायचं नाही, डोंगराकडे निघायचंय. तेवढं जमवा.

गिरणाकाठ

जमवतो. खिंडीपर्यंत सगळे सोडायला येतील.

रविवारी चार वाजता, नेहमीच्या खोलीत. धुळेकर आणि भुसावळकर ज्यांना यायचंय त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत सांगा, सतरंज्या मागवायच्या आहेत. आपापल्या वह्या आणा. निंबभाऊ, तुम्ही जळगावातच आहात ना? खुर्ची ठेवतो.

निंबाचा_पार

येतो. पात्र नवीन करावं लागेल, शीट रिकामी आणतो.

भुसावळ_फलाट

आम्ही चौघं, काकूंचा मुलगा धरून. फासाभाऊ, धुळ्याची गाडी किती वाजता पोहोचते ते सांगा, स्टँडवर कुणीतरी येईल.